हृदयाजवळची समशेर

फुप्फुसांत शुद्ध झालेलें रक्त चार शिरांवाटे हृदयाच्या डाव्या कर्णिकेंत परत यावें, अशी निसर्गाची योजना आहे. परंतु लाखांत एखाद-दुसऱ्या बालकाच्या ठायीं ती गर्भावस्थेंतच बिघडते. उजव्या फुप्फुसाची शिरा वाट सोडून खालीं वळते व अशुद्ध रक्त आणणाऱ्या खालच्या महाशिरेस मिळते. मग शुद्ध झालेलें रक्त हृदयाच्या उजव्या भागांतून पुनः फुप्फुसांतच व्यर्थ फेरी घालतें.

१८३६ सालीं लंडनमध्यें कूपर व पॅरिसमध्यें शासिना यांनीं हें व्यंग वर्णिलें. पण तें शवविच्छेदन करून. जिवंत माणसाच्या छातींत डोकावण्याचें साधन त्या काळीं नव्हतें.

१८९५ सालीं राँटगेन यांना क्ष-किरण सांपडले. त्यांच्या चित्रांत हृदयाच्या उजव्या कडेस त्या शिरेची वांकडी सावली दिसूं शके. परंतु कोणतें रक्त कोठें जातें, हें सावली कशी सांगणार? त्यासाठीं हृदयापर्यंत पोंचणें अवश्य होतें. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्डे येथील तरुण डॉक्टर फोर्समान यांनीं वरिष्ठांची मनाई असतांहि तें साहस स्वतःवर केलें. दंडाच्या शिरेंतून ६५ सेंटिमीटर लांब नळी आंत सारून ते पायांनीं चालत क्ष-किरणांच्या खोलींत गेले व नळी हृदयांत असल्याचें चित्र त्यांनीं घेवविलें. तत्काळ वांट्यास आली ती उपेक्षा. पुढें ते मूत्ररोगांकडे वळले. न्यूयॉर्कमध्यें कूर्नां व रिचर्ड्स यांनीं ती पद्धति रुळविली, आणि १९५६ सालीं तिघांस मिळून नोबेल पारितोषिक लाभलें.

तत्पूर्वींच, १९४९ सालीं, डॉटर व त्यांचे सहकारी यांनीं हृदयांत नळी घालून व रक्तांत क्ष-किरण अडविणारें द्रव्य सोडून दोन जिवंत रुग्णांत हें व्यंग ओळखलें होतें. १९६० सालीं कॅथरिन नील आदि डॉक्टरांनीं वांकड्या सावलीवरून त्यास तुर्की समशेरीचें नांव दिलें.

कित्येकांस प्रौढ वयापर्यंत या समशेरीची वार्ताहि नसते; अन्य कारणानें छातीचें चित्र काढावें आणि ती दिसावी! अशा वेळीं शस्त्रक्रिया करावी कीं नुसती देखरेख ठेवावी, हा खरा प्रश्न असतो. भलत्या वाटेनें जाणारें रक्त थोडें असल्यास पुष्कळदां शस्त्र लागतच नाहीं. १९७१ सालीं हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें प्रथम मेंदूचें चित्र घेतलें. त्याच्या वंशांतील आजचीं यंत्रें त्या शिरेची सारी वाट थोडक्या वेळांत दाखवितात. मृतांपासून मिळालेली विद्या जिवंतांच्या कामीं आली, ती अशी.