निळं पॅलेट कुठून आलं?

चाकणला ट्रेनी होतो तेव्हा माझं काम काय, तर सुट्या भागांचे खोके फोडायचे. पुठ्ठ्याचा रोज हा ढीग! कोपऱ्यातलं निळं लाकडी पॅलेट मात्र कुणी फेकत नसे. का?

त्याची गोष्ट ऑस्ट्रेलियातली. दुसरं महायुद्ध संपलं, अमेरिकी सैन्य घरी गेलं, फोर्कलिफ्ट आणि पॅलेट्स मागेच राहिली. तिथल्या सरकारने त्यांचा सामायिक साठा उभा केला. १९५८ मध्ये तो ब्रॅम्बल्स कंपनीने विकत घेतला. आजची ‘चेप’ ती हीच. डोकं बघा! पॅलेट विकायचंच नाही, भाड्याने द्यायचं. माल उतरला की रिकामं परत. फळी मोडली तर बदलायची, पुन्हा ट्रकवर. मालक एकच, त्यामुळे परत आणायची काळजीही त्यालाच.

आमचा पुठ्ठा त्याच संध्याकाळी भंगारवाल्याच्या टेम्पोत.