एक तालुका, दोन ग्रंथपाल

मंडळी, आज जरा नकाशा उघडा आणि देगलूर शोधा. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेचा सीमाभाग. एकीकडे तेलंगण, दुसरीकडे कर्नाटक. बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळंच कानावर पडतं. या तालुक्याच्या इतिहासात एक गोष्ट दडलीय. ती आजही दिसते, पण कुठे? वाचनालयात टेबलामागे बसलेल्या माणसाच्या पगारात.

1955 साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. स्वतंत्र भारतात मद्रासनंतर (1948) असा कायदा करणारं हे दुसरंच राज्य. देगलूर तेव्हा हैदराबाद राज्यात होतं, आणि बिचकुंदा व जुक्कल ही मंडळं देगलूर तालुक्यात होती. म्हणजे तालुका एक, कायदाही एक.

मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. राज्य पुनर्रचनेत देगलूर मुंबई राज्यात आलं, बिचकुंदा आणि जुक्कल आंध्र प्रदेशात गेले (आज तेलंगणात, कामारेड्डी जिल्ह्यात). आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कोडचा फोर्क झाला, आणि पुढे दोन्ही ब्रँच कधी मर्ज झाल्याच नाहीत :-)

आंध्रने 1960 मध्ये नवा कायदा आणला. त्यातला विचार सरळ होता : रस्ता-पाण्यासारखंच ग्रंथालयही सार्वजनिक काम, तेव्हा मालमत्ता करावर उपकर लावा आणि ते चालवा. तेलंगणात आज हा उपकर करातल्या रुपयामागे 8 पैसे आहे. जिल्हा ग्रंथालय संस्था शाखा चालवते, आणि तिथला कायम ग्रंथपाल वेतनश्रेणीत असतो.

महाराष्ट्राचा कायदा आला 1967 साली. आपली वाट वेगळी. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकापासून लोकांनी वर्गणी काढून वाचनालयं उभी केली होती. 1939 साली नेमलेल्या फैजी समितीनेही याच वाचनालयांना अनुदान देऊन जाळं विणायचं सुचवलं. 1967 चा कायदा त्याच वळणाचा. उपकर नाही. संस्था लोकांची, अनुदान सरकारचं, आणि पुस्तकं, सभासद वगैरे मोजून अ, ब, क, ड असे वर्ग.

विचार वाईट नव्हताच. पण यात एक माणूस मध्येच लटकला : ग्रंथपाल. सरकार म्हणतं, हा संस्थेचा नोकर. संस्था म्हणते, अनुदान आलं की देऊ.

आता हिशोब करू. 2023 पर्यंत ड वर्गाला वर्षाला जास्तीत जास्त 30,000 रुपये अनुदान मिळायचं. त्यातला निम्मा भाग वेतनासाठी. म्हणजे महिन्याला 1,250 रुपये! 2023 मध्ये 60 टक्के वाढ झाली, 30 हजारांचे 48 हजार झाले. म्हणजे महिन्याला 2,000. शून्य कमी पडलेलं नाही, आकडा बरोबर आहे.

या पैशात काय काय करायचं? दार उघडायचं, झाडू मारायचा, पेपर लावायचे, देवघेव नोंदवायची, दाखल नोंदवही भरायची, न परतलेल्या पुस्तकांसाठी लोकांच्या दारात जायचं, वाळवीवर नजर ठेवायची, वार्षिक अहवाल लिहायचा आणि तपासणीला अधिकारी आले की उभं राहून उत्तरं द्यायची. ड वर्गात मदतनीस नसतो. वेतनश्रेणीची मागणी दशकानुदशकं चालू आहे. प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली. वेतनश्रेणी काही आली नाही.

मग पलीकडे सगळं आलबेल आहे का? तसंही नाही. तिथे नगरपालिका उपकर गोळा करतात पण ग्रंथालय संस्थेला वेळेवर देत नाहीत, ही तक्रार जुनीच. पदं रिकामी राहतात, एकाच ग्रंथपालावर दोन-तीन शाखांचा भार पडतो. पण फरक लक्षात घ्या. तिथे भांडण 'आमचे हक्काचे पैसे द्या' असं आहे. इथे हक्कच नाही, इथे विनवणी आहे. अनुदानाला हात पसरावा लागतो, कराचा हिशोब मागता येतो.

असो. तुमच्या फ्लॅटचा मालमत्ता कर वर्षाला 10,000 रुपये असेल, तर रुपयामागे 8 पैशांनी उपकर होतो 800 रुपये. मल्टिप्लेक्सची एक फेरी, पॉपकॉर्नसकट. महाराष्ट्रात हा उपकर उद्या लावायचा म्हटलं, तर तुम्ही द्याल का? खरं सांगा. देगलूरच्या बाजूच्या ग्रंथपालाचा पगार शेवटी या उत्तरावर अडलाय.