निःशब्दतेचा वीजखर्च

इ. स. 1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. त्यांत नाशिक जिल्हाही होता. सुमारे 150 गावांत आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकला जाई व त्यावर चर्चा होई.

त्या काळी जेथे वीज पोहोचली नव्हती तेथे रेडिओ बॅटरीवर चाले. निर्वात नळीतील तंतू तापलेला ठेवण्यासाठी, निवेदक बोलत असो वा नसो, प्रवाह अखंड लागे. त्यामुळे बॅटरीचे आयुष्य संच वेळेवर बंद करणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असे. 1947 मध्ये शोधलेल्या ट्रान्झिस्टरने पुढे तंतूचा खर्च नाहीसा केला. पुश-पुल रचनेमुळे शांततेतील प्रवाहही अत्यल्प झाला.

संगणकयुगात ही दक्षता ड्रायव्हर नामक आज्ञावलीकडे आली. 1996 च्या एसीपीआय मानकाने उपकरणाच्या डी-0 ते डी-3 अशा अवस्था ठरविल्या. लिनक्समध्ये 2009 साली, यंत्र चालू असतानाच एकेक निष्क्रिय उपकरण निद्रिस्त करण्याची सामायिक व्यवस्था आली. निद्रेपूर्वी ड्रायव्हर ध्वनिप्रवाह थांबवितो व जागृतीनंतर कोडेकमधील नोंदी पूर्ववत् लिहितो. त्यांत चूक झाल्यास यंत्र जागे होते, परंतु मुके राहते.

तात्पर्य, साधने पालटली तरी प्रश्न एकच राहिला: मौनातील खर्च वाचवावा, पण पहिला शब्द हरवू नये. पूर्वी हा निर्णय श्रोत्याच्या हाती होता. आता तो बहुधा आधीच लिहून ठेवलेली कालमर्यादा करते.