माथेरान : वाटेचा इतिहास

‘१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला’ हे वाक्य प्रत्येक माहितीपुस्तिकेत हमखास आढळते. मला ते नेहमीच खटकते. मॅलेट त्या वर्षीच्या मे महिन्यात चौकच्या बाजूने डोंगर चढले, हे खरे. पण ठाकूर, कातकरी आणि धनगर यांचा या डोंगरात त्याआधीपासून वावर होता. त्यांना हा डोंगर सापडायचा राहिला नव्हता. नवी होती ती मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबाची गरज.

गरज असली तरी तेवढ्याने गाव वसत नाही. सह्याद्रीत माथेरानइतकी गार पठारे आणखीही आहेत. ती ओस का राहिली? माझ्या मते उत्तर वाटेत आहे. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी १८५५च्या सुमारास माथेरानला येऊन रस्त्याला चालना दिली. १८५६ साली आगगाडी डोंगराच्या पायथ्यावरून खोपोलीपर्यंत धावू लागली. मुंबईहून नेरळ काही तासांवर आले आणि इंग्रजांपाठोपाठ पारशी, बोहरी व हिंदू धनिकांचे बंगले वर उभे राहिले. नेरळच्या पुढे मात्र घोडा, पालखी किंवा माणसाचा खांदा हेच साधन होते.

१९०७ साली ती उणीवही भरून निघाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी वर पोहोचली. खर्च सोळा लाख रुपये. पुढे मोटारी आल्या, पण त्या दस्तुरी नाक्यावरच थांबल्या. २००३ साली केंद्राने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. वाहनबंदी हेच माथेरानचे आकर्षण ठरले.

या आकर्षणाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न इतिहासकाराने टाळू नये. गावात मोटार नाही, म्हणून घोडेवाला, हमाल आणि हातरिक्षा ओढणारा यांना काम मिळाले. पण त्याच कारणाने एका माणसाने दुसऱ्याला ओढून नेण्याची प्रथा स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षे टिकली. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षावाल्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. घोडेवाल्यांना मात्र त्याच ई-रिक्षात आपल्या पोटावर येणारा पाय दिसतो.

डोंगरातले पर्यटन हवा आणि देखावा यांवर वाढते, असे आपण समजतो. माथेरान सांगते की ते वाटेवर वाढते. वाट कोणी बांधली, तिच्यावरून काय जाऊ दिले आणि ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवले, यावरून कमाई कोणाची हे ठरते. १८५०मध्ये हा निर्णय डोंगरातल्या माणसाला विचारून झाला नव्हता. ई-रिक्षांची संख्या आणि त्यांचे मालक ठरवताना तरी तो विचारून व्हावा.