प्रस्तावना: संगणकाने ट्रिल कुठून सुरू करावी?

योहान सेबास्टियन बाखने १७२० साली थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, सरावाची वही केली. तिच्या सुरुवातीलाच स्वरालंकारांचा एक छोटा तक्ता आहे: वर चिन्ह, खाली वाजवायचे स्वर. फ्रेंच हार्पसिकॉर्डवादक दांग्लबेरच्या १६८९च्या तक्त्याचा त्यावर स्पष्ट ठसा आहे. त्यात ट्रिल, म्हणजे दोन शेजारच्या स्वरांची झपाट्याने आलटून-पालटून होणारी पुनरावृत्ती, वरच्या स्वरावरून सुरू होते. १८२८ मध्ये संगीतकार हुमेलने पियानोवादनाच्या ग्रंथात ती मूळ स्वरावरून सुरू करायला सांगितली. चिन्ह मात्र दोघांकडेही जवळपास तेच. मग ते चिन्ह दिसल्यावर स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरने काय वाजवावे?

या प्रश्नात रस वाटणाऱ्या प्रत्येकाचे या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे, मग तो वादक असो की प्रोग्रॅमर. वादक ऐन वेळी, हाताखालचे वाद्य ऐकून निर्णय घेतो. सॉफ्टवेअरला प्रत्येक स्वर कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे आधीच ठरवावे लागते. त्यामुळे जुन्या ग्रंथांतल्या मोघम जागा इथे लगेच उघड्या पडतात.

काही नियम सहज आज्ञावलीत बसतात. कार्ल फिलिप इमान्युएल बाखच्या १७५३च्या ग्रंथानुसार लांब अपोजातुरा (मुख्य स्वराआधी टेकून येणारा स्वर) मुख्य स्वराचा निम्मा काळ घेते आणि तो स्वर तीन भागांचा असेल तर दोन भाग. पण १७५२ मध्ये बासरीवादक क्वांट्स म्हणतो, की घुमणाऱ्या मोठ्या जागेत ट्रिल संथ हवी. ही जागा स्वरलिपीत कुठेच लिहिलेली नसते! सॉफ्टवेअरमध्ये घुमारा कमी-जास्त करता येतो. ट्रिलची गती त्याच्याशी जोडणे मला फार आवश्यक वाटते.

म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरने अलंकारांसाठी ‘बरोक’ शैलीचा पर्याय दिला, हे मोलाचे पाऊल आहे. तरीही बरोक काळाची दीडशे वर्षे आणि इटली, फ्रान्स, जर्मनी एवढा पसारा एका पर्यायात मावत नाही. संगीताचा अभ्यासक फ्रेडरिक नॉयमानने १९७८च्या ग्रंथात तर योहान सेबास्टियन बाखची प्रत्येक ट्रिल वरच्या स्वरावरून आणि ठोक्यावरच सुरू होते, या समजुतीलाच आव्हान दिले. त्याची काही अनुमाने मला ताणलेली वाटतात, पण त्याला वाचल्यावर कोणताही तक्ता कायदा म्हणून वापरणे कठीण जाते. म्हणून सॉफ्टवेअरने आपली निवड वापरणाऱ्याला दाखवावी आणि प्रत्येक चिन्हापाशी ती बदलू द्यावी, असा माझा आग्रह आहे.

नव्या अभ्यासकाने त्याच बाखच्या १७४१च्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समधल्या आरियापासून सुरुवात करावी. ती अलंकारांनी गच्च भरलेली आहे. आधी एकेका चिन्हाचा निर्णय स्वतः लिहून काढावा आणि मगच प्लेबॅकचे बटण दाबावे.