हत्तीनची लढाई तंबूतच हरली

२ जुलै ११८७, संध्याकाळ. सफुरियाच्या झऱ्यांपाशी जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचं जवळजवळ सगळं सैन्य तळ देऊन आहे. बाराशेच्या आसपास नाइट, पायदळ धरून सुमारे २०,००० माणसं. त्यासाठी गढ्यांतली शिबंदी नावापुरतीच उरली आहे. इथे पाण्याला तोटा नाही. निरोप येतो: सुलतान सलाउद्दीनने तिबेरियास घेतलं, काउंट रेमंडची पत्नी एशिवा बालेकिल्ल्यात अडकली.

रात्र. खलबतात रेमंडच म्हणतो, जाऊ नका. गाव माझं, बायको माझी. दोन्ही नंतर सोडवता येतील. ऐन उन्हाळ्यात निर्जळ माळावर सैन्य नेलंत, तर राज्यच जाईल. राजा गीला हे पटतं.

मध्यरात्रीनंतर. टेंपलर या लढवय्या धर्मसंघाचा प्रमुख जेरार एकटाच राजाच्या तंबूत शिरतो. त्या फितुराचं काय ऐकता?

आरोप अगदीच हवेतला नव्हता. ११८६ मध्ये बालराजा पाचवा बाल्डविन वारला, तेव्हा त्याची आई सिबिला हिने राज्याभिषेक करून घेतला आणि मुकुट नवऱ्याच्या, म्हणजे गीच्या, डोक्यावर ठेवला. रेमंडने हा राजा मानला नाही. सलाउद्दीनशी परस्पर तह केला. त्या तहाच्या आडोशाने मे महिन्यात शत्रूची तुकडी त्याच्या मुलखातून आत आली आणि क्रेसन इथे टेंपलरांची कत्तल झाली. जेरार स्वतः कसाबसा निसटला होता. इकडे केरकचा सरदार रेनॉ याने राज्याचा सलाउद्दीनशी तह चालू असताना मुस्लिम काफिला लुटला, राजाने सांगूनही भरपाई दिली नाही. सलाउद्दीनला निमित्त हवंच होतं.

पण गीची खरी दुखरी नस वेगळी. ११८३ मध्ये तो असाच पाण्याजवळ ठाण मांडून बसला, लढला नाही, आणि सलाउद्दीनला माघारी जावं लागलं. बक्षीस काय मिळालं? भेकड म्हणून हेटाळणी झाली, आणि कुष्ठरोगी राजा चौथ्या बाल्डविनने त्याच्याकडून कारभार काढून घेतला. शहाणपणाची शिक्षा एकदा भोगलेल्या माणसाला जेरारने बरोबर तिथेच डिवचलं. माझ्या मते लढाई इथेच हरली. पुढचा सगळा हिशेब पाण्याचा आहे.

३ जुलै, पहाट. कूच. निर्णय का फिरला, हे सरदारांना कोणी सांगत नाही. आघाडीला रेमंड, मध्ये राजा आणि पवित्र क्रूसाचा अवशेष, पिछाडीला टेंपलर.

दुपार. तुरानचा झरा लागतो. सैन्य पुढे सरकतं आणि सलाउद्दीनची माणसं मागून झरा ताब्यात घेतात. पिछाडीवर बाणांचा मारा सुरू होतो, तिची चाल थांबते.

रात्र. मस्कानाच्या माळावर मुक्काम. थेंबभर पाणी नाही. समोरच्या छावणीत मात्र तिबेरियासच्या तलावावरून उंटांच्या पाठीवर पखाली येत आहेत.

४ जुलै, सकाळ. सलाउद्दीनला घाई नाही. तो ऊन चढू देतो. वाळलेल्या गवताला आग लावली जाते, धूर तहानलेल्यांच्या घशात जातो. पायदळ रांग मोडून हत्तीनच्या दोन शिखरांकडे धावतं, हाका मारूनही खाली येत नाही. रेमंड घोडदळ घेऊन तुटून पडतो. सलाउद्दीनचा सरदार तकीउद्दीन याचे सैनिक बाजूला होऊन वाट देतात आणि पुन्हा एकत्र येतात. रेमंड सुटला, पण रणाबाहेर.

दुपार. शिखरावर राजाचा लाल तंबू. तिथून उरलेले नाइट पुन्हापुन्हा खाली झेपावतात. सलाउद्दीनचा मुलगा अल-अफदल ‘जिंकलो’ म्हणून ओरडतो. बाप त्याला दटावतो: तो तंबू पडेपर्यंत नाही. तेवढ्यात तंबू कोसळतो. क्रूस आधीच हातचा गेलेला असतो.

संध्याकाळ. कैदी गीला सलाउद्दीन थंड पेय देतो. गी पेला सोबतच्या कैदी रेनॉकडे सरकवतो. याला मी दिलेलं नाही, असं सलाउद्दीन बजावतो, कारण पाहुणचार घेतलेल्याला अभय मिळतं. मग तो स्वतः रेनॉवर तलवार चालवतो. दोन दिवसांनी टेंपलर आणि हॉस्पिटलर या दुसऱ्या धर्मसंघाच्या नाइटांनाही ठार मारलं जातं, जेरार वाचतो.

जिच्यासाठी सैन्य निघालं, त्या एशिवाने ५ जुलैला बालेकिल्ला सोडला. सलाउद्दीनने तिला सन्मानाने जाऊ दिलं. रिकाम्या गढ्या भराभर पडल्या. २ ऑक्टोबर ११८७ रोजी जेरुसलेम त्याच्या स्वाधीन झालं.