छोट्या विमानातून रुग्णाचा प्रवास: बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबांसाठी माहिती

बुलढाणा जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानतळ नाही. तरीही मुंबईला तपासणीसाठी, हैदराबादला शस्त्रक्रियेसाठी किंवा पुण्याला मुलाकडे जाताना आता अनेक कुटुंबे विमानाचा विचार करतात, कारण शेजारच्या जिल्ह्यांतून छोटी विमाने सुटू लागली आहेत. मलकापूर-नांदुऱ्याकडच्यांना जळगाव सोयीचे पडते. तिथे २०२४ मध्ये फ्लाय ९१ आणि अलायन्स एअरच्या सेवा सुरू झाल्या. शेगाव-खामगावकडच्यांना अकोल्यावरून अमरावतीचे बेलोरा विमानतळ गाठता येते. ते १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाले. सिंदखेडराजा, देऊळगावराजाकडचे लोक जालनामार्गे छत्रपती संभाजीनगरला जातात. या सेवांचे मार्ग आणि वार बदलत राहतात, म्हणून तिकीट काढतानाच नीट पाहून घ्यावे.

जळगाव आणि अमरावतीला येते ते एटीआर ७२. सत्तरच्या आसपास आसनांचे, बाहेर दोन मोठे पंखे फिरताना दिसतात असे प्रोपेलरचे विमान. नागपूर किंवा नांदेडकडून जाणाऱ्यांना स्टार एअरचे ७६ आसनांचे एम्ब्रेयर १७५ हे छोटे जेटही भेटू शकते. 'आईला हे विमान झेपेल का?' असे नातेवाईक विचारतात. बहुतेकांना झेपते. हवेतला एक ते दोन तासांचा भाग या प्रवासात सगळ्यात सोपा असतो. रुग्ण दमतो तो त्याच्या आधी आणि नंतर: रस्त्यावरच्या तासांत, उन्हात, पायऱ्यांवर आणि विमान अचानक रद्द झाल्यावर. तयारी त्याचीच करायची आहे.

पायऱ्या आणि व्हीलचेअर

छोट्या विमानाला मोठ्या विमानतळावरचा तो बंदिस्त पूल लागत नाही. टर्मिनलमधून बाहेर पडून चालत किंवा बसने विमानापर्यंत जायचे आणि उघड्यावर पायऱ्या चढायच्या. एटीआरच्या पायऱ्या थोड्याच असतात, पण अरुंद आणि उभ्या असतात. गुडघ्याचे दुखणे, पक्षाघातानंतरची कमजोरी, नुकतेच पोटाचे ऑपरेशन किंवा चालताना लागणारी धाप, यांपैकी काही असेल तर खरी अडचण इथे येते. मुंबईत उतरल्यावरही एटीआर बहुधा टर्मिनलपासून लांब उभे राहते आणि बसमध्ये पुन्हा चढ-उतर असते.

व्हीलचेअर मागताना नुसते 'व्हीलचेअर हवी' म्हणून भागत नाही. विमानकंपन्या तीन प्रकार मानतात. रुग्ण पायऱ्या चढू शकतो पण लांब चालू शकत नाही, तो डब्ल्यूसीएचआर. थोडे चालतो पण पायऱ्या चढू शकत नाही, तो डब्ल्यूसीएचएस. अजिबात चालू शकत नाही, आसनापर्यंत उचलून न्यावे लागते, तो डब्ल्यूसीएचसी. संकोचाने किंवा न कळून पहिला प्रकार नोंदवला जातो आणि मग आजोबा पायऱ्यांपाशी अडकतात, मागे रांग खोळंबते. पायऱ्या चढता येत नसतील तर तसे स्पष्ट नोंदवा आणि निदान ४८ तास आधी विमानकंपनीला कळवा. त्या विमानतळावर उचलून चढवण्याची कोणती सोय आहे, रॅम्प आहे का, लिफ्टची गाडी आहे का, हेही फोनवर विचारून घ्या. घरी एकदा घराच्या पायऱ्या चढवून पाहणे ही सोपी चाचणी आहे. एक मजला न थांबता, धाप न लागता चढता आला तर विमानातही सहसा अडचण येत नाही.

स्ट्रेचरवरून न्यावा लागणारा रुग्ण या विमानांत सहसा घेतला जात नाही. अशा वेळी रुग्णवाहिका की एअर अॅम्ब्युलन्स, हे रुग्णालयाशी बोलूनच ठरवावे.

जागा कोणती मागावी

वयस्कर माणसासाठी आपण सवयीने पुढची जागा मागतो. एटीआरमध्ये हे उलटे पडते. या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामान पुढच्या भागात असते. म्हणजे पहिल्या रांगेतल्या माणसाला विमानभर चालावे लागते. शौचालय एकच, तेही मागे. शिवाय पंख्यांचा आवाज आणि थरथर पुढच्या ओळींत जास्त जाणवते. म्हणून गुडघ्याच्या, प्रोस्टेटच्या किंवा हृदयाच्या रुग्णासाठी एटीआरमध्ये मागच्या ओळीतली, मधल्या वाटेकडची जागा घ्यावी. एम्ब्रेयरसारख्या जेटमध्ये पुढच्या दाराने चढवतात, तिथे पुढची जागा बरी.

दोन्ही विमानांत एका बाजूला दोनच आसने असल्याने मधली जागा कोणाच्या वाट्याला येत नाही. सोबतच्या नातेवाइकाला खिडकी द्या आणि रुग्णाला वाटेची बाजू. वरचे कप्पे छोटे असल्याने मोठी बॅग दारातच काढून घेतात. त्या बॅगेत औषधे असतील तर ती आधी बाहेर काढा.

मळमळीचा त्रास असेल तर हिशेब थोडा बदलतो. हेलकावे पंखांच्या जवळ कमी आणि शेपटीकडे जास्त जाणवतात. अशांनी पंखांच्या जरा मागची ओळ घ्यावी. आवाज होईल, त्यासाठी कानात कापूस किंवा इअरप्लग. ही विमाने मोठ्या जेटपेक्षा खालून उडतात, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर येणारी हवा आणि पावसाळ्यातले ढग त्यांना जास्त हलवतात. निवड असेल तर सकाळचे विमान घ्यावे. उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते, विमान हलायला लागल्यावर नव्हे. या गोळ्यांनी झोप येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडकू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. जमिनीवर उभ्या असलेल्या छोट्या विमानात गारवा कमी पडतो आणि विदर्भातल्या मे महिन्यात ती दहा-पंधरा मिनिटे जड जातात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हातून चालून, पायऱ्या चढून एकदम बसल्या-उठल्यावर चक्कर येऊ शकते. टोपी किंवा पंचा, पाण्याची बाटली आणि आधाराला एक हात एवढे पुरे.

विमानातली हवा: कोणी आधी विचारावे

विमान कितीही उंच गेले तरी आतला दाब साधारण ८,००० फुटांवरच्या हवेपेक्षा कमी होऊ दिला जात नाही. तुलनेसाठी, बुलढाणा शहर दोन हजार फुटांच्या थोडे वर आहे, चिखलदरा साडेतीन हजारांच्या पुढे आणि शिमला सात हजारांच्या वर. म्हणजे विमानात बसणे हे हवेच्या दृष्टीने शिमल्याला जाऊन बसण्यासारखे आहे. एटीआर कमी उंचीवर उडत असल्याने प्रत्यक्षात दाब बहुधा यापेक्षा बराच असतो. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो आणि त्याला कळतही नाही. फुप्फुसांचा किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर मात्र कळते.

घरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर असेल तर विश्रांतीत आकडा पाहा. ९५ किंवा अधिक असेल आणि घरात चालताना धाप लागत नसेल तर सहसा काळजी नसते. ९२ पेक्षा कमी असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तिकीट काढू नका. मधले आकडे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानकंपन्या सहसा चढवू देत नाहीत. बॅटरीवर चालणारा छोटा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो, पण आधी परवानगी लागते आणि उशीर धरून बॅटरी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी हवी. विमानातला ऑक्सिजन आणीबाणीसाठी असतो, त्यावर विसंबून निघू नये.

आपल्या भागात रक्ताची कमतरता फार आढळते आणि ती कोणी मोजत नाही. हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल तर आधी उपचार, मग विमान. सिकलसेलबद्दल गैरसमज आहेत. नुसता वाहक असलेल्या माणसाला विमानाची अडचण नाही. सिकलसेल आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे, भरपूर पाणी प्यावे, अंगावर शाल ठेवावी आणि दुखण्याचा झटका येऊन गेल्यावर १० दिवस तरी विमान टाळावे.

हवा वर गेल्यावर फुगते. शरीरात कुठे अडकलेली हवा असेल तर तीही फुगते. म्हणूनच छातीत हवा साठलेली असताना (न्यूमोथोरॅक्स) विमान अजिबात चालत नाही. फुप्फुस पूर्ण उघडल्याचे एक्स-रेवर दिसल्यावर आणखी आठवडाभर थांबावे लागते. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायू भरला असेल तर तो जिरेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, विमान बंद. नाहीतर डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. मोतीबिंदूच्या नेहमीच्या ऑपरेशनला हा नियम नाही. दुर्बिणीतून झालेल्या पोटाच्या ऑपरेशननंतर ४-५ दिवस, मोठी चीर घेतलेल्या ऑपरेशननंतर साधारण १० दिवस, गुंतागुंत नसलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर ७ ते १० दिवस थांबावे, आणि तेही डॉक्टरांच्या होकारानेच. हाडाला नवे प्लास्टर घातले असेल तर पहिले ४८ तास विमान टाळा किंवा प्लास्टर चिरून घ्या. कोलोस्टॉमीची पिशवी असेल तर निघण्याआधी रिकामी करावी आणि एक जास्तीची जवळ ठेवावी.

पोट फुगू नये म्हणून निघण्याआधी हलके खा. शेगावहून निघताना कचोरीचा मोह होतोच. ती परतीच्या दिवशी खावी.

गरोदरपणात गुंतागुंत नसेल तर प्रवास चालतो, पण २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जवळ ठेवा. ३६ आठवड्यांनंतर विमान नको, जुळी असतील तर त्याच्याही आधी थांबावे. नवजात बाळाला पहिल्या आठवड्यात नेऊ नये.

कान दुखतो तो विमान उतरताना. बाळाला उतरताना अंगावर पाजावे, मोठ्यांनी आवंढा गिळत राहावे. जोराची सर्दी असेल तर नाक मोकळे करणारे थेंब उतरण्याच्या अर्धा तास आधी घालायचे.

पाय, पाणी आणि लघवी

दीड तासाच्या विमानात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका कमीच. पण मेहकरहून किंवा लोणारहून निघालेल्या माणसाचे गाडीतले तास, विमानतळावर बसणे, विमान आणि पुन्हा टॅक्सी असे मिळून सात-आठ तास होतात. धोका त्या बेरजेचा असतो. गुडघ्याचे किंवा खुब्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, आधी कधी गाठ झालेली, अशांनी रस्त्यात दर तासाला उतरून चार पावले चालावे आणि प्रतिबंधक औषध किंवा मोजे हवेत का, हे डॉक्टरांना विचारावे.

लघवीच्या भीतीने पाणी बंद करणारे रुग्ण बरेच असतात. त्याने रक्त घट्ट होते, चक्कर येते. लघवी जास्त होणारी गोळी त्या दिवशी उशिरा घेता येईल का, हे आदल्या आठवड्यात विचारा. स्वतःहून ती बंद करू नका.

औषधे आणि रद्द झालेले विमान

छोट्या विमानतळांवर एका मार्गाचे दिवसाला एखादेच विमान असते, काही मार्गांवर रोज तेही नसते. धुके, पाऊस किंवा तांत्रिक कारणाने ते रद्द झाले तर पुढचे कदाचित परवा. म्हणून तीन दिवसांचे जास्तीचे औषध हातातल्या पिशवीत ठेवावे, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह. इन्सुलिन मोठ्या बॅगेत देऊ नये. ते सामानाच्या कप्प्यात गोठले तर निकामी होते, आणि बॅग मागे राहिली तर हातात काहीच उरत नाही. मधुमेहाच्या रुग्णाने साखर किंवा बिस्किटे खिशात ठेवावीत, कारण या विमानांत खायला फारसे मिळत नाही.

नुकते रुग्णालयातून सोडले असेल, ऑक्सिजन लागत असेल किंवा प्रकृती अस्थिर असेल तर विमानकंपनी डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म मागते. तो त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो आणि मंजुरीला दोन-तीन दिवस जातात. ऐनवेळी काउंटरवर हे होत नाही. डिस्चार्ज कार्डची प्रत जवळ ठेवा.

केमोथेरपी, डायलिसिस किंवा ठरलेले ऑपरेशन असे चुकवता न येणारे काम असेल तर एक दिवस आधी पोहोचा आणि रेल्वेचे आरक्षणही करून ठेवा. शेगाव, नांदुरा, मलकापूर ही स्थानके मुंबई-हावडा मार्गावर आहेत. कर्करुग्णांना उपचारासाठी जाताना रेल्वेभाड्यात सवलत मिळते, तिच्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. चालू न शकणाऱ्या रुग्णाला रात्रीच्या गाडीत आडवे होऊन जाणे अनेकदा विमानापेक्षा सोसते, आणि विमान रद्द झालेच तर तारीख हातची जात नाही.